बोलीसंग्रहाच्या डेटाबेसची उभारणी : लिनक्सवरील सर्व्हर आणि मेढा परिसराचे उदाहरण

बोलींच्या अभ्यासात सामग्री गोळा करणे जितके कष्टाचे, तितकेच ती पुन्हा हाती लागेल अशा रीतीने ठेवणेही कष्टाचे असते. पहिल्या कष्टाची हकीकत प्रत्येक प्रबंधाच्या प्रस्तावनेत येते. दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीची मालिका १९६३ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. तिच्यातील कुडाळीवरील भाग १९६५ चा आहे. ही दोन्ही कार्ये आपापल्या परीने आधारभूत आहेत. परंतु छापील पानावर सामग्री एकाच क्रमाने बांधली जाते, आणि ज्या अभ्यासकाला तो क्रम सोयीचा नसेल त्याला पुन्हा पहिल्यापासून चिठ्ठ्या कराव्या लागतात. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले आणि त्यासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठी ही फार गुणी वस्तू आहे. तथापि एक चिठ्ठी एका वेळी एकाच खणात राहू शकते, ही तिची मर्यादा कितीही खण केले तरी जात नाही.

ही मर्यादा दूर करणारा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएम कंपनीत काम करीत असता मांडला. माहिती यंत्रात कोणत्या जागी, कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे माहिती विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हे त्या विचाराचे सार होय. माहिती कोष्टकांत मांडावयाची, प्रत्येक ओळीला स्वतःची निश्चित ओळख द्यावयाची, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध त्या ओळखीच्या द्वारे सांगावयाचा. मग गावावार, शब्दावार, वक्त्याच्या वयावार, हवा तो क्रम प्रश्न विचारतानाच मागता येतो. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या नव्या सर्वेक्षणाची सामग्री महाजालावर खुली झाल्यापासून अशा साठ्याचा उपयोग विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला आहे. आपल्या लहानशा क्षेत्रकार्यासाठी तो उभारावा कसा, एवढाच येथील विषय आहे. आणि उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातील मेढा आणि त्याचा परिसर घेतला आहे.

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे वेण्णेच्या खोऱ्यात, साताऱ्याहून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तालुक्याची पूर्वेकडील गावे देशाशी बांधलेली, तर पश्चिमेकडे डोंगर ओलांडला की बामणोलीच्या बाजूचे कोयनेचे खोरे लागते. बोलीच्या अभ्यासकाला हा प्रदेश आकर्षक वाटावा यात नवल नाही. परंतु डेटाबेसची आखणी करणाऱ्याला तो प्रथमदर्शनीच अडवितो. कोयनेचे धरण बांधले गेले तेव्हा त्या खोऱ्यातील कितीतरी गावे शिवसागर जलाशयाखाली गेली आणि त्यांतील कुटुंबे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, तसेच त्या वेळच्या कुलाबा व ठाणे जिल्ह्यांत पांगली. अशा कुटुंबातील एखाद्या वृद्धेची मुलाखत सांगली जिल्ह्यातील वसाहतीत झाली, तर तिची बोली कोणत्या गावची म्हणावयाची? एकाच कोष्टकात ‘नाव, वय, गाव, शब्द’ असे चार स्तंभ पाडणारा अभ्यासक येथे काहीतरी एक लिहून मोकळा होतो, आणि जे लिहिले नाही ते कायमचे जाते. जन्माचे गाव, बालपण जेथे गेले ते गाव, हल्लीचे वास्तव्य आणि मुलाखतीचे स्थळ या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या चारही जागी गावांच्या कोष्टकातील क्रमांक यावयास हवा. बुडालेल्या गावांची बोली ऐकलेली माणसे आता थोडी राहिली आहेत. त्यांच्या बाबतीत ही चूक नंतर दुरुस्त करता येणार नाही. यास्तव सर्व्हर बसविण्यापूर्वी काही दिवस कागद-पेन्सिलीवर कोष्टके आखण्यात घालवावेत.

गावाला क्रमांकाने ओळखावे, नावाने नव्हे, हा नियम पुस्तकात वाचताना रुक्ष वाटतो. जावळी तालुक्यात तो आपोआप पटतो. या तालुक्यात कुडाळ नावाचे मोठे गाव आहे. घाटगे यांची ‘कुडाळी’ मात्र सिंधुदुर्गातल्या कुडाळची. मेढा नावाचा भाग मालवणातही आहे. याच तालुक्यात गावाच्या नावापुढे ‘तर्फ मेढा’, ‘तर्फ कुडाळ’ अशी जोड लावून लिहिण्याची जुनी महसुली पद्धत आहे. क्षेत्रकार्याच्या वहीत ती जोड बहुधा गळते. खुद्द तालुक्याचे नाव ‘जावळी’ आणि ‘जावली’ असे दोन प्रकारे लिहिले जाते, आणि यंत्राच्या दृष्टीने ते दोन तालुके होत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे, तो एका स्तंभात अवश्य नोंदवावा. परंतु त्यालाच गावाची मुख्य ओळख करू नये, कारण पाण्याखाली गेलेल्या गावाला तो असणार नाही. डेटाबेसने स्वतः दिलेला निरर्थक अनुक्रमांक हीच ‘प्रायमरी की’ बरी. त्याला अर्थ नसतो, म्हणूनच तो कधी चुकीचा ठरत नाही.

दुसरे कोष्टक वक्त्यांचे, तिसरे मुलाखतींचे, चौथे प्रश्नांचे आणि पाचवे उत्तरांचे. यांतील शेवटच्यासंबंधी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. ‘विहीर’ या अर्थी काय म्हणता, असे विचारले असता देशावरील ग्रामीण वक्ता ‘इहीर’ म्हणेल, ‘हीर’ म्हणेल, आणि परक्या माणसापुढे सावध होऊन ‘विहीर’ही म्हणेल. ही तिन्ही उत्तरे स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत लिहिण्याचा मोह होतो. तसे केले की ‘हीर’ किती वक्त्यांनी म्हटले हा साधा प्रश्नही अवघड होऊन बसतो, कारण ‘विहीर’ आणि ‘इहीर’ या दोन्हींच्या पोटात ‘हीर’ आहेच. प्रत्येक उत्तराला स्वतंत्र ओळ द्यावी. ते कितवे आले, आपणहून आले की सुचविल्यावर आले, हेही शेजारी लिहावे. ध्वनिमुद्रणे डेटाबेसच्या पोटात भरू नयेत. ती फायलींच्या रूपाने वेगळ्या निर्देशिकेत ठेवावी आणि कोष्टकात त्यांचा पत्ता व पडताळणीचा आकडा असावा. उत्तराच्या ओळीत मुलाखतीचा क्रमांक ‘फॉरेन की’ म्हणून आला, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या मुलाखतीचे उत्तर नोंदविणे किंवा उत्तरे असलेली मुलाखत चुकून पुसणे डेटाबेसच नाकारतो. चौकटींचे जे कागद संगणकावर सर्रास वापरले जातात त्यांत ही शिस्त नसते.

आता सर्व्हरकडे वळावयाचे. लिनक्स ही १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी आरंभिलेली प्रणाली विनामूल्य आहे हे तिच्या निवडीचे एक कारण. जुन्या, विभागात पडून असलेल्या संगणकावरही ती नीट चालते हे दुसरे. डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती यांपैकी कोणतीही घ्यावी. डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल, तिची २००९ मधील शाखा मारियाडीबी, आणि पोस्टग्रेस्क्यूएल ही तीन नावे समोर येतात. शेवटची प्रणाली बर्कली येथील विद्यापीठात १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून निघाली आणि १९९६ पासून हल्लीच्या नावाने ओळखली जाते. तिन्ही समर्थ आहेत. तथापि मराठीच्या अभ्यासकाला मायएसक्यूएलची एक जुनी खोड ठाऊक असावी. तिच्यात ‘यूटीएफ-८’ या नावाने जे मिळे, त्यात एका चिन्हाला तीनच बाइट दिलेले असत. देवनागरी चिन्हाला तीन बाइट पुरतात, त्यामुळे कोणाच्या काही ध्यानात येत नसे. परंतु २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. सैल मांडणीच्या जुन्या सर्व्हरमध्ये अशी नोंद पहिल्या मोडी अक्षरापाशी छाटली जाई, आणि इशारा कोणी वाचला नाही तर ते कळतही नसे. चार बाइटांचा पूर्ण प्रकार २०१० पासून उपलब्ध झाला आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून तोच मूळ मांडणीत आला. साताऱ्याकडील जुनी दप्तरे मोडीत आहेत हे लक्षात घेता हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. पुढील विवेचन पोस्टग्रेस्क्यूएलला अनुसरून आहे.

डेबियनवर ‘ॲप्ट’ या आज्ञेने पोस्टग्रेस्क्यूएल मागविले की सर्व्हर बसतो, सुरू होतो आणि त्याचा पहिला साठाही तयार होतो. ही तत्परताच नवख्याला गोत्यात आणते, कारण तो साठा तयार होताना प्रणालीची त्या वेळची भाषा-मांडणी, म्हणजे ‘लोकेल’, उचलली जाते. कमीत कमी सामान घेऊन बसविलेल्या लिनक्समध्ये ही मांडणी ‘सी’ या नावाची असू शकते, आणि तसे झाल्यास सर्व्हर अक्षरांचा विचारच सोडून देतो. त्याला फक्त बाइट दिसतात. अशा ठिकाणी ‘मेढा’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर १२ येते. मांडणी यूटीएफ-८ असेल तर ४ येते: म, एकाराची मात्रा, ढ, काना. वाचणाऱ्याला दोनच अक्षरे दिसतात हा भाग निराळा. भाषाशास्त्रज्ञाने त्यावर वेगळा लेख लिहावा. सबब, आधी प्रणालीत यूटीएफ-८ची मांडणी निर्माण करावी आणि मग सर्व्हर मागवावा. उलट घडले असेल तर, साठा रिकामा असेतोवर, तो काढून नव्याने करणे सोपे असते. डेटाबेस एकदा तयार झाल्यावर त्याची अक्षर-मांडणी जागच्या जागी बदलता येत नाही. सर्व सामग्री बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये भरावी लागते. नवा डेटाबेस निर्माण करताना ‘टेम्प्लेट शून्य’ हा कोरा नमुना घ्यावा, अन्यथा मूळ साठ्याहून निराळी मांडणी सर्व्हर स्वीकारीत नाही.

मांडणीचा दुसरा भाग वर्णक्रमाचा. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या दरम्यान बसविलेले आहे, तर मराठी वर्णमालेत ते ह च्या पुढे येते. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावल्यास ‘काल, काळ, काव, काहिली’ अशी यादी मिळते. मराठी कोशाला ‘काल, काव, काहिली, काळ’ अशी हवी असते. ॲ या अक्षराची गत आणखी वाईट: ते युनिकोडमध्ये २००८ साली, पुष्कळ उशिरा आल्यामुळे त्याला जागा मिळाली ती मात्रा आणि अंक यांच्याही पलीकडे. यावर उपाय आयसीयू या ग्रंथालयाचा वर्णक्रम वापरणे हा होय. त्यात मराठीसाठी स्वतंत्र नियम आहेत. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये तो २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून एकेका स्तंभासाठी, आणि २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून संपूर्ण डेटाबेससाठी निवडता येतो. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या अखेरीस ठेवावयाचे की क आणि ज यांच्या जोडाक्षरांत, हा निर्णय मात्र संपादकाने घ्यावयाचा असतो. यंत्राच्या नियमाला तो निर्णय समजू नये. पन्नास निवडक शब्दांची यादी लावून पाहावी आणि मगच पुढे जावे.

वर्णक्रमाचा प्रश्न केवळ यादीच्या देखणेपणाचा नाही, हे २०१८ नंतर अनेकांना अनुभवाने कळले. लिनक्सचे जे मूलभूत ग्रंथालय ‘जी-लिब-सी’ नावाने ओळखले जाते, त्याच्या २.२८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियनच्या २०१९ मधील दहाव्या आवृत्तीबरोबर ते सर्वत्र पोचले. डेटाबेसमधील इंडेक्स हा क्रमाने लावलेल्या कोशासारखा असतो. सर्व्हर त्यात मध्यभागी उघडून मागे-पुढे शोधतो. इंडेक्स जुन्या नियमाने लावलेला आणि शोध नव्या नियमाने, असे झाले की डोळ्यांसमोर असलेली नोंद सर्व्हरला सापडत नाही, आणि जी नोंद दोनदा येऊ नये असा दंडक घातलेला असतो ती दुसऱ्यांदा खुशाल आत येते. प्रणाली अद्ययावत करणाऱ्याला याची चाहूल लागत नाही. हल्लीच्या आवृत्त्या वर्णक्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवतात आणि तफावत दिसल्यास इशारा देतात. तो इशारा आला की ‘रीइंडेक्स’ ही आज्ञा देऊन सर्व इंडेक्स नव्याने बांधावेत. आयसीयू वापरले तरी हे कर्म चुकत नाही. तेथे तफावतीची नोंद अधिक आधीपासून ठेवली जाते, एवढेच.

मेढ्याच्या परिसरात शब्दसंग्रह करणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘दऱ्या’ हा शब्द लिहावा लागेल, आणि तो समुद्र या अर्थाच्या ‘दर्या’पासून वेगळा राहिलाच पाहिजे. परंतु हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारांनी उमटतो. एका कळफलकावरून नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, तर दुसऱ्यावरून साध्या र ला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. शोधात ते दोन शब्द ठरतात. युनिकोडने ज्या जोड्या समान मानल्या आहेत, उदाहरणार्थ एकसंध ऱ आणि र अधिक नुक्ता, त्या ‘नॉर्मलाइज’ या २०२० पासून उपलब्ध असलेल्या क्रियेने एकरूप होतात. अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार मात्र या समानतेत बसत नाही, म्हणून त्यासाठी स्वतःचा बदल-नियम लिहून तो नोंद आत येतानाच लागू करावा. नंतर करू असे म्हटले की दोन विद्यार्थ्यांच्या दोन कळफलकांमुळे एका शब्दाचे दोन बोलीभेद निर्माण होतात आणि प्रबंधात त्यांवर चर्चाही होते.

सर्व्हरपर्यंत कोणी पोचावे याचे नियम दोन फायलींत असतात. पहिली ‘पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ’. तीत सर्व्हर कोणत्या पत्त्यावर कान देतो हे लिहिलेले असते. मूळ मांडणीत तो फक्त स्वतःच्याच संगणकाचे ऐकतो, ५४३२ या क्रमांकाच्या दारावर. विभागातील इतर संगणकांवरून काम करावयाचे असेल तरच त्यात विभागाच्या जाळ्याचा पत्ता वाढवावा. दुसरी फाइल ‘पीजी-एचबीए.कॉन्फ’. ही दाराशी ठेवलेली यादी आहे: कोणता वापरकर्ता, कोठून, कोणत्या डेटाबेसकडे, कोणता पुरावा दाखवून. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळच लागू होते. म्हणून वरच्या बाजूला ‘ट्रस्ट’ अशी, म्हणजे विचारपूस न करता आत सोडणारी, एखादी ओळ राहून गेली तर खालचे सर्व कडक नियम व्यर्थ होत. पासवर्डसाठी ‘स्क्रॅम’ पद्धत वापरावी आणि फाइल बदलल्यावर सर्व्हरला ती पुन्हा वाचावयास सांगावे. त्यासाठी त्याला बंद करून सुरू करण्याची आवश्यकता नसते.

वापरकर्ते निदान तीन असावेत. आखणी करणारा, नोंदी भरणारा आणि केवळ वाचणारा. सर्व काम मुख्य ‘पोस्टग्रेस’ वापरकर्त्याच्या नावानेच उरकण्याची सवय शोचनीय आहे. वक्त्यांची नावे व पत्ते यांचे कोष्टक वेगळे काढून त्याचे वाचन फक्त एका वापरकर्त्याला खुले ठेवावे; इतरांना वय, लिंग, शिक्षण आणि गावे एवढेच दाखविणारा ‘व्ह्यू’ पुरतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. तो नसता तरी, आपल्या घरी बसवून चहा देणाऱ्या आणि सासरच्या-माहेरच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईचे नाव गावासकट यादीत झळकविणे योग्य झाले नसते.

स्मृतीचे वाटप, जोडण्यांची कमाल संख्या इत्यादी आकड्यांवर मार्गदर्शक पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. बोलीसंग्रहाला त्यांतले फारसे लागत नाही. ‘शेअर्ड बफर्स’चा मूळ आकडा १२८ मेगाबाइट आहे, आणि संगणकाच्या स्मृतीचा सुमारे चौथा हिस्सा त्याला द्यावा हा सर्वमान्य ठोकताळा, काही लाख ओळींसाठी एवढे जाणणे पुरे. एका कळीला मात्र कोणी हात लावू नये. ‘एफसिंक’ बंद केल्यास नोंदी भराभर आत जातात, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. ती चालू असताना सर्व्हर प्रत्येक व्यवहार आधी रोजनाम्यात, डिस्कवर पक्का झाल्याची खात्री करून लिहितो. वीज गेली तर पुन्हा सुरू होताना तो रोजनामा वाचून साठा सावरतो. ती बंद असताना वीज गेली तर साठा कोठे बिघडला हेही सांगता येत नाही. घाटमाथ्याच्या पावसाळ्यात मुक्काम करून नोंदी भरणाऱ्यास याचा अर्थ विस्ताराने सांगावयास नको. घाईच असेल तर ‘सिंक्रोनस कमिट’ सैल करावे. त्यात शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, परंतु साठा शाबूत राहतो.

बॅकअपसाठी ‘पीजी-डंप’ ही आज्ञा आहे. ती सर्व कोष्टके आणि त्यांतील ओळी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून देऊ शकते, आणि दीर्घकाळ जपण्यास हेच रूप उत्तम, कारण ते वाचावयास उद्या पोस्टग्रेस्क्यूएलच असावे लागेल असे नाही. पोस्टग्रेस्क्यूएलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाचच वर्षे दुरुस्त्या मिळतात, एवढ्यावरून या सावधगिरीचे प्रयोजन कळावे. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार या फाइलीत येत नाहीत. त्यांसाठी ‘पीजी-डंपऑल’ निराळे चालवावे लागते. ध्वनिफिती अर्थातच वेगळ्या. रोज रात्री ही आज्ञा आपोआप चालावी अशी योजना करून तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. मग महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर कोरा डेटाबेस करून त्यात ती फाइल भरावी, आणि तीन गोष्टी पाहाव्यात: उत्तरांच्या ओळींची संख्या तीच आहे काय, ‘काळ’ हा शब्द ‘काहिली’च्या खाली येतो काय, आणि जन्मगाव जलाशयाखाली गेलेले असूनही मुलाखत सांगली जिल्ह्यात झालेले वक्ते मागितल्यास मूळ साठ्यात जितके मिळतात तितकेच येथेही मिळतात काय. ही तपासणी अर्ध्या तासात होते.